कागद कुणी धरला

१

तलवार बघायची असली की इसोगाई सकाळच्या जेवणात मुळ्याचं लोणचं खात नसत. तोंडाची वाफ पात्यावर पडली की महिन्याभरात तिथं गंजाचा ठिपका उठतो, आणि मुळ्याचा ढेकर काही सांगून येत नाही. त्यामुळे नवऱ्यानं लोणच्याची वाटी बाजूला सारली की आज घरात तलवार उघडणार, हे बायकोला न सांगता कळे. मग ती नऊच्या आत उत्तरेकडची खोली झाडून घेई, रेडिओ बंद करी आणि आपलं गुणगुणणंही थांबवी.

तामोत्सु इसोगाई पासष्टीचे होते आणि जुन्या तलवारींचे जाणकार होते. जपानमधल्या योशीई नदीकाठच्या त्यांच्या गावात एके काळी घरोघर भाते चालायचे. आता लोहार मोजून चार उरले होते, पण तलवारी मात्र अजून देशभरातून तिथं येत, आपल्याला कुणी घडवलं ते विचारायला. पुष्कळ जुन्या तलवारींवर नाव नसतं. मूळची लांब तलवार पुढच्या कुणा धन्याला आखूड हवी असते. ती कापतात खालून, मुठीच्या आत लपणाऱ्या बुडाकडून, आणि बुडावर कोरलेलं लोहाराचं नाव त्या तुकड्याबरोबर भंगारात जातं. मग उरलेल्या पात्याचं पोलाद, बाक, धारेलगत पाणी पाजताना उठलेली रेघ बघून तो लोहार कोण ते सांगायचं, हे इसोगाईंचं काम. चाळीस वर्षांत त्यांनी हजारावर अनामिक पात्यांना नाव दिलं होतं, आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता.

"सातशे वर्षांपूर्वीचा लोहार तुम्ही पाठमोरा ओळखाल," बायको म्हणे, "आणि बाजारात मी समोर आले तर वाकून नमस्कार करून पुढं जाल."

नोव्हेंबर संपत आला होता. त्या सोमवारी मोरिवाके नावाचा गृहस्थ वर डोंगरातल्या गावाहून आला. पन्नाशीचा, सुजलेल्या डोळ्यांचा माणूस. तलवारीची पिशवी त्यानं चटईवर ठेवली आणि तिच्यापासून हातभर मागं सरकून बसला.

"कुणाची आहे तेवढं सांगा, गुरुजी. कुणाचंही निघू दे, नाव निघालं की झालं."

"कुणाचंही कसं चालेल? घरात पूर्वापार आहे का?"

"आजोबांच्या वेळेपासून. मग वडील सांभाळायचे. तेल-बिल लावायचं काम आईचं."

"आईंचं नाव काय? नोंदीत लिहून ठेवतो, कुणी सांभाळली ते."

"आम्ही आईच म्हणायचो," मोरिवाके म्हणाला.

इसोगाईंनी सरकारी नोंदणीचा दाखला उलगडला. पिवळा पडलेला, आजोबांच्या काळातला कागद. लांबी जुळत होती. बुडाला खुंटीची भोकं असतात. मूठ हलू नये म्हणून त्यांतून बांबूची खुंटी ठोकतात. दाखल्यावर लिहिलं होतं, भोकं तीन. पात्याला होती दोन. नावाच्या रकान्यात अशा तलवारीला 'नाव नाही' असं लिहायची पद्धत. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. रकाना कोराच होता.

"भोकं दोनच आहेत, मोरिवाकेसाहेब."

"असतील," तो घाईनं म्हणाला. "तुम्ही म्हणाल तितकी."

चहा तसाच टाकून तो गेला. त्या काळचे कारकून झोपेत लिहायचे, असं म्हणून इसोगाईंनी दाखला घडी करून ठेवला.

२

मंगळवारी लख्ख ऊन होतं. इसोगाईंनी तलवारीला वाकून नमस्कार केला, म्यान उतरवलं आणि पातं उजेडाकडे धरलं.

इतकं चांगलं पातं त्यांनी वर्षभरात पाहिलं नव्हतं. पोलादाचा पोत शांत होता आणि पाण्याची रेघ हातात धरता येईल इतकी जिवंत. पण तासभर बघूनही त्यांच्या मनात एकही नाव उभं राहिलं नाही. तोंडओळख असलेला माणूस भेटला की निदान आडनावाचं पहिलं अक्षर तरी जिभेवर येतं. इथं जीभ कोरडी होती.

ठसा घ्यायची वेळ आली. बुडावर पातळ कागद ठेवून त्यावर काजळीची वडी घासली, की गंजलेल्या लोखंडाचा उंचसखलपणा काळा उमटतो आणि भोकं पांढरी राहतात. कोरलेलं नाव असलं तर तेही पांढरं उठून दिसतं. दोन वर्षांपासून इसोगाईंचा हात कापायचा, म्हणून कागद बायको धरी. दोन्हीकडून तीन-तीन बोटांनी ताणून, श्वास रोखून. ठसा उत्तम आला. भोकं दोन, बुडाचा शेवट सुरीनं कापल्यासारखा सरळ.

"झालं?" तिनं श्वास सोडला. "चाळीस वर्षं सगळ्या जगाची नावं लिहिलीत या कागदांवर. धरणारीचं कधी लिहिलंत का?"

"धरणारीचं कोण लिहितं?"

"लिहा ना एकदा. मरताना तेवढंच कुणाला तरी दाखवेन."

ती चेष्टेत म्हणाली होती. पण इसोगाईंना वाटलं, खरंच की. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली आणि आपण हिला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. 'अगं' म्हटलं की ती येते, मग नाव लागतं कशाला? त्यांच्या पिढीत सगळ्याच घरांत असंच होतं.

त्यांच्या गुरूंचा मात्र एक दंडक होता: अनामिक तलवारीच्या ठशावर निकाल लागेपर्यंत कुठलंही नाव लिहायचं नाही. ना लोहाराचं, ना मालकाचं, ना स्वतःचं. का, ते गुरूंनी सांगितलं नव्हतं. आपला अंदाज आधीच लिहिला की डोळे त्याच्याच बाजूनं बघतात, म्हणून असेल, असं इसोगाईंनी धरून चाललं होतं. बायकोचं नाव लिहिल्यानं कुठला अंदाज बिघडणार? त्यांनी शिसपेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं: कागद धरला, नोबुए.

"अगंबाई," ती म्हणाली आणि लाजली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ती लाजली म्हणून इसोगाईंनाही हसू आलं.

तिनं बोटं धुतली. सहा बोटांच्या टोकांना गंजाचा तपकिरी रंग लागला होता. तो साबणानं गेला नाही.

३

बुधवार निकालाविना गेला. गुरुवारी इसोगाईंनी पातं पुन्हा काढलं आणि बुडाचा शेवट बघून थबकले.

सरळ कडेच्या मधोमध एक खाच होती. चंद्रकोरीसारखी, नखाएवढी. कापलेल्या तलवारीला अशी खाच असू शकते. काप जुन्या भोकातून गेला की अर्धं भोक कडेला उरतं. यात नवल काही नाही. नवल एवढंच होतं, की मंगळवारी ती नव्हती.

त्यांनी मंगळवारचा ठसा काढला. कड सरळ. ठसा खोटं बोलत नाही; माणसाच्या डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून तर ठसा घेतात. त्यांनी खाचेत नख घातलं. आतला गंज काळाभोर, मुरलेला, तीन-चारशे वर्षांचा. नवा काप तांबूस असतो. मग मंगळवारी कागद सरकला असेल. हिनं नीट धरला नसेल.

पण तिनं तो नीट धरला होता, आणि हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एकट्यानं दुसरा ठसा घ्यायचा प्रयत्न केला. हात कापून कागद फाटला, तसा त्यांनी तो नाद सोडला आणि पातं म्यान केलं.

दुपारी बायको दवाखान्यातून आली. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दर महिन्याला जायची.

"आज गंमत झाली," भात वाढता वाढता ती म्हणाली. त्यांच्याकडे लग्नातल्या जोडीचे दोन वाडगे होते, मोठा त्यांचा आणि निळ्या फुलांचा लहान तिचा. "दीड तास बसवलं मला. सगळ्यांना हाका मारल्या, मला नाहीच. शेवटी मीच गेले खिडकीशी. ती पोरगी म्हणते, तुमचं नाव यादीत नाही आजी. मी म्हटलं, नाव नसेल, रक्तदाब आहे ना? तो बघ."

"मग?"

"दिल्या गोळ्या. पण हे बघा."

गोळ्यांच्या पाकिटावर 'इसोगाई' छापलं होतं. त्यापुढची जागा रिकामी होती.

"शाई संपली असेल," इसोगाई म्हणाले. खाचेबद्दल ते बोलले नाहीत.

४

शनिवारी खाच राहिली नव्हती. तिथं आता पूर्ण भोक होतं, गोल, आणि त्याच्याखाली आणखी दोन बोटं लोखंड.

भोकं तीन. दाखल्यावर लिहिली होती तितकीच.

इसोगाईंनी पातं गादीवर ठेवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आपल्याला विसरायला होत असेल. या वयात होतं. तिसरं भोक पहिल्यापासून होतं, आपल्याला ते दिसलंच नाही. पण मग ठसा? त्यांनी मंगळवारचा कागद खिडकीच्या काचेवर धरला. भोकं दोन, कड सरळ. आणि कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात: कागद धरला. त्यापुढं काही नव्हतं. खोडल्याची खूण नव्हती, पुसल्याचा काळपटपणा नव्हता. कागदाचा तंतूसुद्धा दबलेला नव्हता.

ते भिंग घेऊन नव्या बुडावर वाकले. तिसऱ्या भोकाखाली, गंजाच्या आत, छिन्नीचा एक छोटा घाव होता. तिरपा, वरून खाली ओढलेला. अक्षराची सुरुवात अशीच होते.

आणि इथं सांगितलंच पाहिजे, की त्यांना पहिला झाला तो आनंद. नाव येतंय! जाणकाराचं काळीज असलंच असतं. भीती मागोमाग आली, पण आधी आनंद झाला होता आणि तो त्यांनी स्वतःला पुढं कधी माफ केला नाही.

बाहेर फोनवर बायको बोलत होती. धाकट्या बहिणीला, साचिएला, तिनं हिमेजी शहरात फोन लावला होता.

"मी बोलतेय… अगं मी… मी म्हणजे मीच." ती पलीकडचं ऐकत राहिली. "थांब हं जरा."

रिसीव्हर हातात धरून ती दारात आली.

"अहो, ती विचारतेय, मी म्हणजे कोण. आणि मला… मला पुढं काही सांगताच येईना."

"चेष्टा करत असेल."

"ती नाही चेष्टा करत. काल भजनी मंडळातही," ती म्हणाली, देवळातल्या बायकांच्या गाण्याच्या गटाला ते दोघं भजनी मंडळच म्हणत, "सगळ्या माझ्याशी बोलल्या, हसल्या. पण हजेरी घेताना सगळी नावं झाली, वही मिटली आणि गायला सुरुवात. मी कुठं बोलले? मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं." तिनं रिसीव्हर छातीशी धरला. "तुम्ही तरी म्हणा. माझं नाव म्हणा एकदा. म्हणजे मला आठवेल."

इसोगाईंनी तोंड उघडलं.

एकेचाळीस वर्षं. लग्नाच्या पत्रिकेवर होतं. तिच्या वडिलांच्या तोंडी होतं. मुलाच्या जन्माच्या त्या वाईट रात्रीनंतर, मूल गेल्यावर, दवाखान्याच्या कागदावर आपणच लिहिलं होतं. मंगळवारी लिहिलं होतं, पेन्सिलीनं. त्यांनी आठवणीत हात घातला आणि तिथं कोरडी जागा लागली.

"अगं," ते म्हणाले. "अगं…"

ती रिसीव्हर कानाला लावून बहिणीला म्हणाली, "काही नाही. चुकून लागला." आणि ठेवून दिला.

५

सोमवारी त्यांनी गावच्या कार्यालयातून कुटुंबाचा दाखला काढला. 'पती: तामोत्सु.' 'पत्नी:' आणि कोरी जागा. खिडकीवरच्या माणसाला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. त्याला ती जागा दिसलीच नाही. इसोगाईंनी तिच्यावर बोट ठेवलं, तर तो त्यांच्या बोटाकडे बघून नम्रपणे हसला.

तिथून ते बसनं डोंगरात मोरिवाकेच्या घरी गेले. देवघरात दोन पूर्वजपाट्या होत्या, काळ्या लाखेच्या. एकीवर सोनेरी अक्षरं होती. दुसरी कोरी होती आणि तिच्यासमोरही ताजा भात ठेवलेला होता.

"माहीत होतं तुम्हाला," इसोगाई म्हणाले. रागानं त्यांचा आवाज फाटला. "माहीत असून माझ्या घरात आणलीत."

मोरिवाके चटईवर कपाळ टेकून पडून राहिला. उठेचना.

"उठा. वर बघा आणि बोला."

"सहा वर्षांपूर्वी वडिलांनी एका जाणकाराला बोलावलं होतं," तो चटईकडेच बघत म्हणाला. "त्यानं कुठं काय लिहिलं मला ठाऊक नाही. मग बुड वाढायला लागलं. अक्षर दिसायला लागलं तसं वडिलांनी करवत आणली आणि तिसऱ्या भोकाच्या वरून कापलं. तुकडा नदीत टाकला. त्यांना वाटलं, सुटलो."

"आणि आई?"

"आई होती. दोन वर्षं होती. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची. नाव तेवढं नव्हतं. आम्ही आई म्हणायचो, ती ओ द्यायची. मग हळूहळू ओ देईनाशी झाली. मग एका वसंतात…" त्यानं चटईची कड चाचपली. "एका सकाळी वडील म्हणाले, आपण पानावर एक वाडगा जास्त का मांडतो रे? आणि मला सांगता येईना."

"म्हणजे गेल्या? वारल्या?"

"ते मला कसं कळणार, गुरुजी? मला चेहरा आठवत नाही. वडिलांच्या डायरीत लिहिलेलं होतं म्हणून एवढं तरी सांगतोय. माणसाला आई असतेच ना? म्हणजे मलाही असणार. तेवढ्यावरून पाटी करून घेतली."

इसोगाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्या माणसाला मारायला हात उचलावा असं वाटत होतं, तो हात त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवला.

"माझ्याकडे का आणलीत?"

"मला वाटलं, खरा लोहार सापडला तर… तुमच्याइतका दुसरा कोण आहे? तुम्ही नाव सांगितलं असतं तर मग तलवारीला दुसऱ्या कुणाचं घ्यावं लागलं नसतं…"

परतीच्या बसमध्ये त्यांनी ठरवलं, निकाल द्यायचा, आजच. घरी येऊन त्यांनी शाई घोटली आणि निकाल लिहायची रीत असते त्या म्यानाच्या पांढऱ्या लाकडावर मनाला पटेल त्या लोहाराचं नाव लिहिलं. अळवाच्या पानावरून पाणी ओघळावं तशी शाई लाकडावरून ओघळली. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. शेवटी ते ओल्या बाह्यांनी बसून राहिले. जाणकारांच्या मेळाव्यात बुड झाकून तलवार ठेवतात. ती बघून चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहून द्यायचं, आणि चुकलं तर परीक्षक चिठ्ठीवर एकच शब्द लिहून परत करतो: नाही. इसोगाईंनी शेकडो चिठ्ठ्यांवर तो शब्द लिहिला होता, कधी कधी जरा मजा घेत.

करवत पडवीत टांगलेली होती. ते तिच्याकडे गेले आणि तसेच परत आले. जगात हिचं नाव आता एकाच ठिकाणी होतं, आणि तेच कापायचं? नाही. ते येऊ द्यायचं, पुरं येऊ द्यायचं आणि वाचायचं. वाचता तरी येईल आपल्याला, तेवढंच तर येतं. तोवर आपण काय शोधतोय तेच विसरू नये, म्हणून त्यांनी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून छातीच्या खिशात ठेवली: बुडावर येईल ते नाव तुझ्या बायकोचं आहे.

६

गुरुवारी सकाळी इसोगाईंनी मुळ्याचं लोणचं बाजूला सारलं. ती उठली, उत्तरेची खोली झाडली आणि ठशाचा कागद घेऊन आली.

"तू नको धरूस. मी वजनं ठेवतो."

वजनं ठेवून त्यांनी वडी घासायला घेतली. हात कापला, कागद सरकला. दुसरा कागद घेतला, तोही सरकला. तिसऱ्या वेळी तिनं काही न विचारता दोन्हीकडून बोटं टेकवली.

"अगं, नको म्हटलं ना."

"धरते हो मी. आता माझं काय जायचं राहिलंय?"

ती हसत होती. या दोन-तीन दिवसांत तिची भीती ओसरली होती आणि इसोगाईंना त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्यांनी वडी घासली. तिसऱ्या भोकाखाली काळ्यात पांढरी अक्षरं उमटत गेली. जपानी लिपीतली दोनच होती, स्वच्छ, ठाशीव, कसलेल्या हातानं कोरलेली. इसोगाईंनी वाचलं.

नोबुए.

ते थांबले. काहीतरी व्हायला हवं होतं. छातीत काहीतरी हलायला हवं होतं, दार उघडावं तसं. काहीच हललं नाही. नाव चांगलं होतं आणि ते त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून वाचली. अक्षर आपलं होतं. मग त्यांनी जे चाळीस वर्षं केलं होतं तेच केलं, पुरावे एकापुढे एक मांडले.

"ऐक. हे तुझं नाव आहे. नोबुए."

"माझं?"

"हो. तुझ्या बोटांना या बुडाचा गंज लागलाय, जात नाही. या पहिल्या ठशावर बघ, मी तुझं नाव लिहिलं होतं, ती जागा कोरी आहे. आणि तुझी बहीण साचिए. साचिए, नोबुए. शेवट सारखा आहे, एकाच घराण्याचं काम आहे हे! तुमच्या वडिलांनी दोघींना जोडीची नावं ठेवली असणार. दुसरा निकाल होऊच शकत नाही."

एवढ्या खात्रीनं त्यांनी कुठल्याच तलवारीबद्दल सांगितलं नव्हतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं ते नाव नवी ओढणी खांद्यावर टाकून बघावी तसं हळूच म्हणून बघितलं.

"नोबुए." पुन्हा एकदा, "नोबुए." तिनं मान हलवली. "सुंदर आहे हो. पण नाही. माझं नाही वाटत."

"अगं तुझंच आहे. विश्वास ठेव माझ्यावर."

"ठेवते ना. तुम्ही म्हणता म्हणजे असेलच." ती त्यांची समजूत घालत होती, लहान मुलाची घालतात तशी. "पण साचिए कोण?"

इसोगाईंनी डोळे मिटून घेतले. पातं गादीवर पडलं होतं. बुडावर आता नाव होतं, तीन भोकं होती, दाखल्याशी सगळं जुळत होतं. ते रडले. तिनं बाहीनं त्यांचे डोळे पुसले आणि कसलं दुःख आहे ते विचारलं नाही.

दुपारी तिनं व्हिनेगरातले मासे काढले, सूप गरम केलं आणि मेजावर वाडगे मांडले, मोठा आणि लहान. इसोगाई आपल्या जागेवर येऊन बसले. ती भाताच्या भांड्यापाशी चमचा घेऊन उभी होती आणि दोन्ही वाडग्यांकडे आळीपाळीनं बघत होती. त्यांना कळलं, दुसरा वाडगा कुणाचा ते तिला उमगत नव्हतं. त्यांच्याकडे नाव होतं, बरोबर नाव होतं, ते जिभेवर तयार होतं.

"नोबुए!" ते ओरडले.

ती वळली नाही.

"अगं," ते म्हणाले. "अगं, इकडे बघ."

आता तिनं मान वळवली. पण तिनं पाहिलं ते त्यांच्याकडे नव्हे, मागं, दाराकडे. ते कुणाला हाक मारताहेत, कोण आलंय, म्हणून. दारात कुणी नव्हतं. तिनं मोठ्या वाडग्यात भात वाढून त्यांच्यापुढं ठेवला. मग निळ्या फुलांचा लहान वाडगा उचलला, कोरडाच होता तरी फडक्यानं पुसला, आणि फडताळात ठेवून दिला.